नर दिसत नाही आणि नर नाही

गांधीबागेत राहणाऱ्याला कापूस रोज दिसतो, पऱ्हाटी मात्र कधीच दिसत नाही. सकाळपासून हातगाड्यांवरून कापडाच्या गाठी येतात, होलसेल दुकानांत तागे उलगडले जातात, आणि ज्या झाडापासून हे सगळं सुरू झालं ते झाड पन्नास-साठ किलोमीटर लांब वर्ध्याकडे कुठंतरी उभं असतं. जुन्या एम्प्रेस मिलची जागाही इथून फार दूर नाही. जमशेदजी टाटांनी ती गिरणी सुरू केली १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत टाउनेंड ग्लोव्हर या सरकारी कीटकशास्त्रज्ञाने कापसावरच्या एका मऊ, हिरवट-काळसर किड्याचं वर्णन छापलं आणि त्याला एफिस गॉसिपाय हे नाव दिलं. आपण त्याला मावा म्हणतो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला साल लक्षात ठेवायला सोपं जातं, इतकंच.

माझं पीएच.डी.चं काम या माव्याभोवती फिरतं. शेतात नमुने गोळा करताना एका काकांनी मला विचारलं होतं, "ताई, याच्यातला नर कोणता?" मी म्हटलं, यात नर नाहीच. त्यांनी पान उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "नाही, की दिसत नाही?" हा प्रश्न त्यांनी सहज विचारला असेल, पण जीवशास्त्राला त्याचं उत्तर देता यायला बराच काळ लागला. आणि अगदी अलीकडे, आपल्याच विदर्भातल्या दुसऱ्या एका किडीच्या बाबतीत तो पुन्हा विचारावा लागला. आजची गोष्ट त्याचीच.

आधी मावा. सतराव्या शतकाच्या शेवटी डच सूक्ष्मदर्शकवाले लेवनहूक यांनी मावा कापून बघितला. आत अंडी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आत सापडली पिल्लं, पाय-डोळ्यांसकट, आईची छोटी प्रत असावी तशी. नर मात्र कुठंच सापडेना. मग सहाजिकच अटकळी सुरू झाल्या. कोणी म्हणालं एकाच शरीरात दोन्ही लिंगं असतील, कोणी म्हणालं मीलन आपल्या नजरेआड होत असेल. पॅरिसचे रेओमूर हे त्या काळातले कीटकांच्या अभ्यासातले सगळ्यात मोठे माणूस. त्यांनी उपाय सुचवला: नुकतंच जन्मलेलं पिल्लू एकटं ठेवा आणि बघा. त्यांनी स्वतः प्रयत्न केले, पण त्यांचे किडे मोठे होण्याआधीच मेले.

हे काम पूर्ण केलं जिनिव्हाच्या शार्ल बोने या वीस वर्षांच्या मुलाने. तो शिकत होता कायदा, रमत होता किड्यांत. मे १७४० मध्ये त्याने मातीच्या कुंडीत पाण्याची कुपी खोचली, कुपीत झाडाची फांदी ठेवली, फांदीवर नुकतंच जन्मलेलं माव्याचं एकच पिल्लू सोडलं आणि वरून काचेचं भांडं असं दाबून बसवलं की बाहेरून काही आत जाऊ नये. मग तो पहाटेपासून रात्रीपर्यंत भिंग घेऊन बघत बसला. पिल्लाने चार वेळा कात टाकली. जून उजाडताच तिने, म्हणजे आता 'तिने' म्हणायला हरकत नाही, पहिलं पिल्लू दिलं. महिनाभराच्या आत आकडा ९५ वर गेला. नराची सावलीसुद्धा तिच्यावर पडलेली नव्हती.

इथं मला सगळ्यात आवडतो तो पुढचा आक्षेप. हायड्राचे तुकडे करून प्रसिद्ध झालेल्या त्रांब्ले यांनी बोनेला सुचवलं, की कदाचित एका मीलनाचा परिणाम अनेक पिढ्या टिकत असेल. म्हणजे आजीचं मीलन नातीला पुरत असेल. आज हसू येतं, पण प्रश्न रास्त होता. मादीच्या शरीरात शुक्राणू साठून राहतात हे मधमाश्यांच्या बाबतीत खरंच आहे. बोनेने उत्तर म्हणून वाद घातला नाही. त्याने मुलीला एकटं ठेवलं, मग तिच्या मुलीला, मग तिच्याही मुलीला. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तरी नराशिवाय जन्म थांबले नाहीत. आणि त्याच बोनेने पुढे असंही पाहिलं की थंडीच्या तोंडावर माव्यात नर येतात, मीलन होतं आणि त्या वेळी माद्या पिल्लं न देता अंडी घालतात. म्हणजे तो किडा दोन्ही पद्धती जाणतो.

शब्दांचा एक घोळ इथंच मिटवते. हायड्राच्या अंगावर कळीसारखा फुगवटा येतो आणि तो सुटून नवा हायड्रा होतो, त्यात अंड्याचा संबंधच नाही. माव्यात अंडपेशी असते, पण ती फलित न होताच वाढते. याला अनिषेकजनन म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४९ मध्ये त्यासाठी 'पार्थेनोजेनेसिस' हा शब्द रूढ केला. शाळेच्या पुस्तकात दोन्ही गोष्टी 'अलैंगिक' या एकाच डब्यात टाकलेल्या असतात. तुम्ही परीक्षा देणारे असाल तर तसंच लिहा, मार्क मिळतील.

आता हिशेब. समजा एका शेतात दोन प्रकारच्या माद्या आहेत आणि प्रत्येकीला दहाच पिल्लं होतात. नराची गरज असलेल्या मादीच्या दहापैकी पाच मुली, पाच मुलगे. एकटीने वाढणाऱ्या मादीच्या दहाही मुली. दुसऱ्या पिढीत पहिलीच्या २५ नाती, दुसरीच्या १००. तिसऱ्या पिढीत १२५ विरुद्ध १०००. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७०च्या दशकात हा हिशेब उत्क्रांतिशास्त्रासमोर नीट मांडला आणि सगळ्यांना अडचणीत टाकलं. नर बाळगणं इतकं महाग असेल तर नर आहेतच कशाला? माव्यात तर त्यावर कडी आहे. मादीच्या पोटात वाढणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच धरलेले असतात. आजी, आई, नात एकाच कातडीत. म्हणून उबदार हवेत जन्मल्यापासून आठवड्याभरात मावा स्वतः पिल्लं द्यायला लागतो. थॉमस हक्सले यांनी १८५८ मध्ये गणित मांडलं होतं, की एका माव्याची सगळी पिल्लावळ जगली तर दहाव्या पिढीचं वजन चीनच्या सगळ्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरेल. तसं होत नाही कारण लेडीबर्ड भुंगे, गांधीलमाशीच्या जातीचे बारीक परजीवी कीटक आणि पावसाच्या जोरदार सरी आपलं काम करतात.

मग थंड देशांतला मावा वर्षातून एकदा नर का निर्माण करतो? एक भाग सोपा आहे: हिवाळा. बर्फात पिल्लं जगत नाहीत, मीलनातून आलेली अंडी जगतात. पण हिवाळा येतोय हे किड्याला कळतं कसं? अमेरिकेतल्या टेनेसीत मार्कोविच नावाच्या संशोधकाने १९२३-२४ च्या सुमारास दाखवलं, की थंडीपेक्षा दिवसाची लांबी महत्त्वाची. दिवस लहान झाला की मावा लैंगिक पिढीकडे वळतो. प्राणी दिवस-रात्र मोजून प्रजनन बदलतात हे पहिल्यांदा दिसलं ते माव्यातच. आणि नर बनवायची रीतही अफलातून आहे: आई अंडपेशीतून फक्त एक एक्स गुणसूत्र गाळते. बाकी सगळं आईचंच. मुलगा म्हणजे एक गुणसूत्र कमी असलेली आई.

आता नागपूरला या. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री हुडहुडी भरते, पण शेतावर बर्फ पडत नाही. कापूस निघाला तर भेंडी आहे, वांगी आहेत, काकडी-भोपळ्याचे वेल आहेत, बांधावर तण आहे. माव्याला बारा महिने हिरवं पान मिळतं. थंडीतून निभावणाऱ्या अंड्याची गरजच नाही, म्हणून ते अंडं देणारा लैंगिक हंगामही नाही. भारताच्या उष्ण मैदानी भागात कापसावरचा मावा वर्षभर माद्यांवरच चालतो. म्हणजे काकांच्या प्रश्नाचं माव्यापुरतं उत्तर: नर नाही. हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण काचेच्या भांड्याखाली एकटी ठेवलेली मादी आजही तेच करते जे १७४० मध्ये केलं.

२००६-०७ च्या आसपास गुजरात, पंजाब, हरियाणा आणि महाराष्ट्रातल्या कापसावर एक नवी कीड तुटून पडली. पांढऱ्या पिठासारखं मेण अंगावर असलेली, शेंड्यावर गठ्ठ्याने चिकटून बसणारी. पिठ्या ढेकूण. शास्त्रीय नाव फेनॅकॉकस सोलेनोप्सिस. मूळची अमेरिका खंडातली. तिचं वर्णन १८९८ सालचं, न्यू मेक्सिकोतलं. आपल्याकडे बीटी कापूस २००२ मध्ये आला होता. बीटी बोंडअळीला रोखतो, पण रस शोषणाऱ्या किडीवर त्याचा परिणाम होत नाही. पिठ्या ढेकणाने ते दाखवून दिलं. ज्यांनी ते हंगाम पाहिले ते सांगतात, झाडावर चुना सांडल्यासारखं दिसायचं.

शास्त्रज्ञ कामाला लागले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या, १९७६ पासून आपल्या शहरात असलेल्या या संस्थेतल्या, संशोधकांचाही सहभाग असलेला एक अभ्यास २०१० मध्ये 'जर्नल ऑफ इन्सेक्ट सायन्स'मध्ये आला. प्रयोगशाळेत कापसाच्या पानांवर ही कीड वाढवून तिचं अख्खं आयुष्य त्यांनी नोंदवलं. एक मादी १२८ ते ८१२ पिल्लं देते, सरासरी ३४४. मादी सुमारे ४२ दिवस जगते, प्रौढ नर दीड दिवस. हे आकडे आजही आम्ही वापरतो. त्याच अभ्यासात पुनरुत्पादनाची मुख्य पद्धत म्हणून अनिषेकजनन नोंदवलं होतं. नराशिवाय.

पुढे २०१३ मध्ये, त्याच नियतकालिकात, चीनमधल्या संशोधकांचा शोधनिबंध आला. त्यांनी बोनेचंच काम केलं: मादी प्रौढ व्हायच्या आधी तिला एकटी ठेवली आणि वाट बघितली. एकट्या ठेवलेल्या माद्यांना पिल्लं झाली नाहीत. नर सोडला की झाली. निष्कर्ष असा, की या किडीला नर लागतो.

तुम्ही म्हणाल, मग आधीचे चुकले. मला हे इतकं सरळ वाटत नाही. पिठ्या ढेकणाचा नर कसा असतो ते बघा. लहानपणी तो मादीसारखाच दिसतो. मग पांढऱ्या कोशात जातो आणि बाहेर येतो तो डासापेक्षाही बारीक, दोन पंखांचा, तोंड निकामी असलेला कीटक होऊन. तो खात नाही, फक्त मादी शोधतो, आणि दीड दिवसात मरतो. मादी त्याच्यापेक्षा जवळजवळ तीसपट जगते. म्हणजे कोणत्याही दिवशी तुम्ही पऱ्हाटीचा शेंडा हातात घ्याल तेव्हा तुम्हाला माद्याच माद्या दिसतील. मीलन कधीच उरकलेलं असेल. अमुक एका माहेरी आलेल्या बाईसोबत नवरा दिसला नाही म्हणून तिचं लग्नच झालेलं नाही असं आपण म्हणत नाही ना, तसंच. शिवाय एकाच जातीच्या वेगवेगळ्या देशांतल्या वस्त्या वेगळ्या पद्धतीने वागल्याची उदाहरणं कीटकांत आहेत, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी भांड्याखाली एकटी मादी ठेवणं हाच मार्ग उरतो. कंटाळवाणा, पण दुसरा नाही.

शेतकऱ्याला या वादाशी काय देणंघेणं? आहे.

अनिषेकजननाने वाढणाऱ्या किडीत मुलगी आईची नक्कल असते. एका मादीत कीटकनाशक पचवण्याची ताकद योगायोगाने आली, की ती ताकद तिच्या सगळ्या वंशात जशीच्या तशी जाते. लैंगिक प्रजननात प्रत्येक पिढीत पत्ते पिसले जातात, चांगली जुळणी मोडू शकते. क्लोनमध्ये ती मोडत नाही. फवारणी बाकीच्यांना मारते आणि हिच्यासाठी रान मोकळं करते. बियाण्याला लावून येणाऱ्या इमिडाक्लोप्रिडच्या गटातल्या औषधांना न जुमानणारा कापसावरचा मावा जगात बऱ्याच देशांत सापडला आहे. फ्रेंच संशोधकांनी २००९ मध्ये जगभरातून हा मावा गोळा करून त्याच्या डीएनएच्या खुणा तपासल्या, तेव्हा दिसलं की वरवर एकच दिसणारी जात प्रत्यक्षात यजमान पिकांप्रमाणे वेगवेगळ्या क्लोन-घराण्यांत विभागलेली आहे. कापसावरचं घराणं वेगळं, काकडी-भोपळ्यावरचं वेगळं. आणि एकेक घराणं खंडच्या खंड ओलांडून पसरलेलं. एकच आई, हजारो किलोमीटर.

पण याच नकलेची दुसरी बाजूही आहे. हर्मन म्युलर यांनी १९६४ मध्ये ती मांडली. नक्कल करताना बारीक बिघाड होतातच. लैंगिक प्रजननात आईचा बिघाड आणि बापाचा बिघाड वेगळे असल्यामुळे काही पिल्लांना दोन्ही चांगले भाग मिळतात. क्लोनमध्ये तशी सोय नाही. बिघाड साठतो, मागे जात नाही. एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकासारखं, म्हणून नाव 'म्युलरचं रॅचेट'. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलात तर दहाव्या प्रतीत अक्षर वाचता येत नाही, तो प्रकार.

याचा पुरावा माव्याच्याच पोटात आहे. माव्याच्या पेशींत बुकनेरा नावाचा जिवाणू राहतो. झाडाच्या रसात साखर भरपूर पण आवश्यक अमिनो आम्लं कमी. ती हा जिवाणू बनवून देतो. तो फक्त आईकडून पिल्लाकडे जातो, बाहेरच्या कोणाशी डीएनएची देवाणघेवाण नाही. हा संसार पंधरा कोटी वर्षांहून जुना आहे. २००० मध्ये जपानी संशोधकांनी वाटाण्यावरच्या माव्यातल्या बुकनेराचा संपूर्ण जनुकसंच वाचला: सुमारे ६ लाख ४० हजार अक्षरं. त्याचा नातेवाईक असलेल्या आपल्या आतड्यातल्या ई. कोलायची अक्षरं ४६ लाखांच्या घरात. म्हणजे सात भागांतला एकच उरला. काही जनुकं गरज नाही म्हणून गेली, काही बिघाड साठून गेली. आता बुकनेरा माव्याबाहेर जगू शकत नाही.

माव्याचं स्वतःचं असं झालं नाही, कारण माव्याच्या कुळाने वर्षातून एकदा तरी नर ठेवायची पद्धत कोट्यवधी वर्षं सोडली नाही. ज्या वंशांनी ती पूर्ण सोडली ते वंशवृक्षावर टोकाच्या कोवळ्या फांद्यांसारखे दिसतात, जुने बुंधे म्हणून क्वचितच. बहुतेक प्राण्यांत हेच चित्र आहे. नियमाला खिजवणारे म्हणून गोड्या पाण्यातले बीडेलॉइड रोटिफर आहेत, कोट्यवधी वर्षं नराविना. मेनार्ड स्मिथ त्यांना उत्क्रांतीतला घोटाळाच म्हणायचे. विदर्भातला कापसावरचा मावा या वृक्षावर कुठे बसतो? तो जुना नाही. थंड प्रदेशातले त्याचे भाऊबंद अजून नर करतात. इथं हिवाळा नाही म्हणून त्याने ते काम टाकून दिलं, आणि त्याला फायदाच झाला, निदान आपल्या-तुपल्या हिशेबाच्या काळात. त्याच्या वंशाचं दहा हजार वर्षांनी काय होईल याने यंदाच्या कापसावरचा चिकटा कमी होत नाही. माव्याच्या साखरेने चिकट झालेला कापूस जिनिंगपासून सूतकताईपर्यंत यंत्रांना त्रास देतो, ते या बाजारात कोणालाही विचारा.

एकाच पऱ्हाटीवर आणखी किती तऱ्हा नांदतात! पांढऱ्या माशीत आणि फुलकिड्यांत मीलन न झालेली मादी अंडी घालते, पण त्यांतून फक्त नर येतात. मुलगी हवी तर बाप लागतो. तुडतुड्यांत सरळ दोघं लागतात. पिठ्या ढेकणाच्या गटात तर वेगळीच तऱ्हा: मुलग्याला बापाकडून गुणसूत्रं मिळतात, पण ती गुंडाळून निकामी केली जातात आणि तो पुढे फक्त आईचीच गुणसूत्रं देतो. बाप लागतो, आणि मुलग्यापुरता त्याचा वारसा तिथंच संपतो. म्हणून 'पिठ्या ढेकणाला नर लागतो' म्हटलं तरी औषधाला दाद न देण्याची ताकद त्यात कशी पसरेल हा हिशेब माव्यापेक्षाही वेगळा आहे आणि तुडतुड्यांपेक्षाही. फवारणीचं वेळापत्रक सगळ्या रसशोषक किडींसाठी एकच छापणाऱ्या पत्रकांबद्दल माझी तक्रार इथून सुरू होते.

पिठ्या ढेकणाबद्दलचा शेवटचा धागा २०१६ चा. जपानमधल्या संशोधकांनी त्याच्या मादीचा गंध वेगळा काढून त्याची रासायनिक रचना ठरवली. हा गंध ती नराला बोलावण्यासाठी सोडते. अशा गंधाची गोळी सापळ्यात ठेवली तर दीड दिवसाचे ते बारीक नर त्यात येऊन पडतात, आणि शेतात कीड कधी सुरू झाली हे शेंडा पांढरा व्हायच्या आधी कळू शकतं. माव्यासाठी विदर्भात असा सापळा लावून काही मिळणार नाही. तिथं पिवळे चिकट सापळे लावायचे, आणि त्यात अडकतात त्या पंख फुटलेल्या माद्या.